शीव आणि वेस

१९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद भरली. अध्यक्ष होते मुंबईचे होमी भाभा. त्याच परिषदेत वैज्ञानिक सचिवांपैकी एक म्हणून एकोणतीस वर्षांचा एक तरुण काम करत होता. मूळचा झंगचा, लाहोरात शिकलेला आणि तेव्हा केंब्रिजमध्ये शिकवणारा अब्दुस सलाम. फाळणीला जेमतेम आठ वर्षं झाली होती.

भाभांनी अध्यक्षीय भाषणात एक भाकीत केलं. सूर्यात जी ऊर्जा हायड्रोजनची केंद्रकं एकमेकांत मिसळून तयार होते, ती काबूत ठेवून वापरायची रीत येत्या दोन दशकांत सापडेल, असं ते म्हणाले. सभागृहात बसलेल्या अमेरिकन, ब्रिटिश आणि रशियन शास्त्रज्ञांची यामुळे पंचाईत झाली. तिघंही याच कामात गुंतले होते आणि तिघांनाही त्याबद्दल अवाक्षर काढायची परवानगी नव्हती.

मी इतिहासाचा माणूस. भौतिकशास्त्र मला शाळेतल्या चुंबकाइतकंच ठाऊक होतं. सलाम यांच्यावर काही लिहावं म्हणून वाचायला बसलो आणि त्यांच्या नोबेलपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीत अडकलो. ही गोष्ट सीमेची आहे, पण देशांच्या नव्हे. दहा कोटी अंशांवर तापलेला वायू आणि त्याच्याभोवतीची पोलादी भिंत, यांच्यामध्ये जी हद्द आखावी लागते तिची.

आपल्या भाषेत हद्दीला दोन शब्द आहेत. शीव म्हणजे जिथं एका गावचं शिवार संपून दुसऱ्याचं सुरू होतं ती रेषा. मुंबईच्या शीव स्टेशनला ते नाव यातूनच मिळालं. वेस म्हणजे गावाचं दार. दिवसा उघडं, रात्री बंद, आणि कोण आलं, कोण गेलं यावर नजर ठेवणारं. केंद्रकीय संमीलनाच्या शास्त्रज्ञांना आधी वाटलं की आपल्याला फक्त शीव आखायची आहे. खरं काम वेशीचं आहे हे कळायला त्यांना तीस वर्षं लागली.

सुरुवात साखालिन बेटावर होते. ओलेग लावरेन्त्येव नावाच्या लाल सैन्यातल्या एका सार्जंटने १९५० च्या उन्हाळ्यात पक्षाच्या केंद्रीय समितीला पत्र पाठवलं. तापलेल्या वायूतले कण विद्युतभारित असतात, तेव्हा त्यांच्याभोवती विजेच्या दाबाची जाळी उभी केली तर ते आत कोंडता येतील, अशी त्याची कल्पना होती. पत्र अभिप्रायासाठी आंद्रेई साखारोव यांच्याकडे गेलं. साखारोवांना अडचण लगेच दिसली. ती जाळी स्वतःच त्या आगीत उभी राहणार होती. आगीला कुणाचाच स्पर्श होता कामा नये. या विचारातून त्यांनी आणि इगोर ताम यांनी जाळीच्या जागी चुंबकीय क्षेत्र आणलं. लावरेन्त्येव पुढे खारकोवला गेला आणि आयुष्यभर तिथंच संशोधन करत राहिला. त्या पत्राची आणि साखारोवांच्या अभिप्रायाची कागदपत्रं छापून आली ती २००१ मध्ये. तोवर इतिहासात त्याचं नाव जवळपास नव्हतंच.

चुंबकीय क्षेत्रानं कोंडायचं म्हणजे काय? विद्युतभारित कण चुंबकाच्या बलरेषेला आडवा पार करू शकत नाही. तो तिच्याभोवती गिरक्या घेत तिच्याच दिशेनं पुढे जातो, तारेवर ओवलेल्या मण्यासारखा. सरळ तारेला दोन टोकं असतात आणि मणी तिथून गळतात, म्हणून तार वाकवून तिचं कडं करायचं. हा झाला सायकलच्या ट्यूबचा आकार. पण कडं केलं की दुसरा त्रास सुरू होतो. ट्यूबच्या आतल्या कडेला, म्हणजे भोकाच्या बाजूला, बलरेषा दाटतात आणि बाहेरच्या कडेला विरळ होतात. या असमानतेमुळे धन कण एकीकडे, ऋण कण दुसरीकडे सरकतात आणि शेवटी सगळा प्लाझ्मा बाहेरच्या भिंतीवर जाऊन आदळतो. उपाय असा की बलरेषा ट्यूबच्या लांबीनं सरळ न नेता तिच्यावर सुतळी गुंडाळावी तशा तिरक्या फिरवायच्या. वर सरकलेला कण फिरत फिरत खाली येतो आणि हिशेब मिटतो. साखारोव-ताम यांनी हा पीळ प्लाझ्मातूनच वीज वाहवून दिला. त्या यंत्राला पुढे तोकामाक म्हणू लागले. प्रिन्स्टनचे खगोलशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनी १९५१ मध्ये स्वतंत्रपणे ट्यूबच इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पिळली. त्यांना हा नाद लागला तो अर्जेंटिनाच्या पेरॉननं केलेल्या एका दाव्यावरून. आपल्या देशानं संमीलन काबूत आणलं, असं पेरॉननं जाहीर केलं होतं. दावा साफ खोटा निघाला. खोट्या बातमीतून निघालेलं इतकं खरं काम दुसरं मला आठवत नाही.

पीळ दिला की बलरेषा कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक थर तयार करतात. कण आपल्या पापुद्र्यावर भटकत राहतो, पुढच्यावर जायला त्याला धक्का लागावा लागतो. मग प्रश्न येतो शेवटच्या पापुद्र्याचा. तो कुठं संपतो, आणि त्याच्या बाहेर काय?

सुरुवातीच्या यंत्रांनी याचं सरळधोपट उत्तर काढलं. टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमसारख्या चिवट धातूचं एक कडं आत बसवायचं. प्लाझ्मा त्याला घासेल, तिथं त्याची हद्द संपेल आणि मागची भिंत वाचेल. ही अगदी शिवेवरच्या दगडासारखी व्यवस्था. पण दगड झिजतो. धातूचे कण सुटून प्लाझ्मात शिरतात, आतली उष्णता प्रकाशाच्या रूपात बाहेर फेकतात आणि आग विझवतात. स्पिट्झर यांना हे पहिल्यापासून जाणवलं होतं. त्यांच्या सुरुवातीच्या आराखड्यांतच डायव्हर्टर नावाची युक्ती आहे. कडेच्या बलरेषाच वळवून एका बाजूच्या खोलीत न्यायच्या, म्हणजे सुटलेले कण आणि मळ तिथं जाऊन पडेल. तिच्याकडे लक्ष द्यायला मात्र फार वर्षं कुणाला सवड नव्हती, कारण प्लाझ्मा मुळात टिकतच नव्हता.

१९५६ च्या एप्रिलमध्ये क्रुश्चेव्हबरोबर ब्रिटनला आलेल्या इगोर कुर्चातोव यांनी हार्वेलच्या अणुकेंद्रात उभं राहून सोव्हिएत संमीलनाचं काम उघड सांगितलं तेव्हा यजमान चकित झाले. १९५८ मध्ये ब्रिटिशांनी झीटा या यंत्रावर यश मिळाल्याचं घाईनं जाहीर केलं आणि चार महिन्यांत मागे घेतलं. त्याच वर्षी जिनिव्हातल्या दुसऱ्या परिषदेत सगळ्यांनी आपापली दप्तरं उघडली. सगळ्यांच्या दप्तरात तेच रडगाणं होतं. प्लाझ्मा हिशेबापेक्षा कितीतरी वेगानं गळतो. डेव्हिड बोम यांचं युद्धकाळातलं एक सूत्र होतं. त्यानुसार वायू जितका तापवाल तितकी गळती वाढणार. प्रिन्स्टनची यंत्रं त्या सूत्राबरहुकूम वागत होती. ते सूत्र निसर्गनियम असेल तर खेळ तिथंच संपला होता.

इथं सलाम परत येतात. १९६४ मध्ये त्यांनी इटलीतल्या त्रिएस्तला आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकशास्त्र केंद्र उभं केलं. त्रिएस्त ही शब्दशः शिवेवरची वस्ती. दहा वर्षांपूर्वीपर्यंत ते धड इटलीचं नव्हतं आणि धड युगोस्लाव्हियाचंही नव्हतं. केंद्र गरीब देशांतल्या तरुण शास्त्रज्ञांसाठी होतं, पण सलामांनी तिथं १९६५-६६ मध्ये आणखी एक गोष्ट घडवली. अमेरिकेचे मार्शल रोझेनब्लुथ आणि सोव्हिएत संघाचे रोआल्ड सागदेयेव यांना त्यांनी प्लाझ्माच्या सिद्धांतावर काम करायला महिनोन् महिने एकत्र बसवलं. दोघंही आपापल्या देशाच्या आघाडीच्या सिद्धांतज्ञांपैकी. शीतयुद्ध ऐन भरात होतं. केंद्राची स्वतःची इमारतही तेव्हा तयार नव्हती, शहरातल्या एका चौकातल्या जागेत काम चालायचं. त्याच हिवाळ्यात, जानेवारी १९६६ मध्ये, व्हिएन्नाला बैठकीसाठी निघालेले भाभा माँ ब्लाँवर विमान कोसळून गेले.

सागदेयेव हे वंशानं तातार, काझानमध्ये वाढलेले. त्यांच्या धर्माबद्दल मी काही दावा करणार नाही, सोव्हिएत शास्त्रज्ञाच्या बाबतीत तो करणं खोडसाळपणाचं होईल. पण आपल्याकडे मोबाइलवर फिरणाऱ्या 'मुस्लिम शास्त्रज्ञां'च्या याद्या इब्न अल-हैसम आणि इब्न सिना यांच्यापाशी येऊन थांबतात, आणि पुढे हजार वर्षं कोरी सोडून एकदम सलामांच्या नोबेलवर उडी मारतात, याचा मला कंटाळा आला आहे. यादीला पदक दिसतं. दोन शत्रुराष्ट्रांच्या माणसांना वर्षभर एका फळ्यासमोर उभं करणं यादीत कुठं बसवणार? आणि ज्या पाकिस्ताननं १९७४ मध्ये कायद्यानं अहमदियांना मुस्लिमांच्या शिवेबाहेर काढलं, जिथं सलामांच्या कबरीवरच्या दगडातून 'मुस्लिम' हा शब्द खरवडून काढला गेला, त्याच्याकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. आपल्या मोहल्ल्यातही त्यांचं नाव घेताना आवाज खाली येतो, हे मी पाहिलं आहे.

असो. त्रिएस्तच्या त्या वर्षानं वातावरण बदललं. त्या सुमारास सागदेयेव आणि त्यांचे सहकारी अल्बर्ट गालेयेव यांनी कणांच्या वाटा नव्यानं मोजल्या. कड्याच्या बाहेरच्या अंगाला क्षेत्र विरळ असल्यानं काही कण तिथं अडकतात, पूर्ण फेरी मारू शकत नाहीत, मागे-पुढे हेलकावत राहतात. त्यांची वाट कागदावर काढली तर हुबेहूब केळ्यासारखी दिसते, आणि शास्त्रज्ञ तिला केळंच म्हणतात. केळ्याची जाडी म्हणजे कणाची बाजूला पडणारी ढांग. ती अपेक्षेपेक्षा मोठी होती, म्हणजे गळतीही मोठी. पण बोमच्या सूत्राइतकी नाही. त्यामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. निसर्गानं दार बंद केलेलं नव्हतं.

मग १९६८ चा ऑगस्ट. नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत लेव आर्त्सिमोविच यांनी सांगितलं की मॉस्कोच्या टी-३ तोकामाकमध्ये प्लाझ्मा सुमारे एक कोटी अंशांपर्यंत तापला आणि बोमच्या हिशेबापेक्षा अनेक पटींनी जास्त टिकला. पाश्चात्त्यांचा विश्वास बसेना. काही दिवसांतच सोव्हिएत रणगाडे प्राग शहरात शिरले. तरीही आर्त्सिमोविच यांनी ब्रिटिशांना निमंत्रण दिलं, या आणि स्वतः मोजा. १९६९ मध्ये कल्हम प्रयोगशाळेची तुकडी काही टन सामान आणि आपला लेसर घेऊन मॉस्कोला गेली. प्लाझ्मातल्या इलेक्ट्रॉनांवर लेसरचा झोत टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून तापमान काढलं. रशियन खरं बोलत होते. पुढच्याच वर्षी प्रिन्स्टननं आपलं मोठं पिळदार यंत्र उलगडून त्याचा तोकामाक केला.

यानंतर तापमानाची शर्यत सुरू झाली. बाहेरून वेगवान अणूंचे झोत मारून प्लाझ्मा तापवायला लागले, आणि पुन्हा तीच कटकट. जितकी उष्णता ओतावी तितका प्लाझ्मा ती कमी वेळ धरून ठेवी. चूल फुंकावी आणि भिंतीला भोकं वाढत जावीत, तसं.

म्युनिकजवळच्या गार्खिंगमध्ये ॲस्डेक्स नावाचा तोकामाक १९८० पासून चालू होता. त्याचा हेतू साधा होता. स्पिट्झर यांची जुनी डायव्हर्टरची युक्ती वापरून प्लाझ्मा स्वच्छ राहतो का, ते पाहणं. इथं हद्द दगडानं नव्हे, चुंबकानंच आखायची होती. ती कशी, हे मला सह्याद्रीवरून समजलं. महाबळेश्वरच्या माथ्यावर पावसाचा थेंब कड्याच्या अलीकडे पडला तर कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातो, वीतभर पलीकडे पडला तर कोकणातून अरबी समुद्राला. डायव्हर्टरच्या यंत्रात तसाच एक जलविभाजक असतो. त्याच्या आतली बलरेषा स्वतःवर फिरत राहते, केसभर बाहेरची बलरेषा खाली उतरून डायव्हर्टरच्या फरशीवर जाऊन आपटते. मध्ये धातू नाही, भिंत नाही, काहीच नाही.

फ्रिट्झ वाग्नर हे कमी तापमानाच्या भौतिकशास्त्रातून १९७५ मध्ये इथं आलेले, म्हणजे या गावात तसे नवखेच. फेब्रुवारी १९८२ मध्ये झोतानं तापवलेल्या प्लाझ्माची मापं पाहताना त्यांना विचित्र काही दिसलं. एका ठरावीक शक्तीच्या वर उष्णता ओतली की, काही हजारांश सेकंदांत, कडेचा प्रकाश झपकन कमी व्हायचा आणि प्लाझ्माची घनता आपोआप चढायला लागायची. कुणी नळ उघडला नव्हता, गळती थांबली होती. उष्णता टिकण्याचा काळ सुमारे दुप्पट झाला. कारण केंद्रात नव्हतं. अगदी कडेला, जलविभाजकाच्या आत दोन-चार सेंटिमीटरच्या पट्ट्यात, घनता आणि तापमान उभ्या कड्यासारखं चढलं होतं, आणि आतला सगळा प्लाझ्मा जणू उंच जोत्यावर जाऊन बसला होता.

नवख्या माणसाच्या मापात चूक असणार, असंच पुष्कळांना वाटलं. त्या वर्षीच्या बाल्टिमोर परिषदेत वाग्नर यांना शंकांच्या सरबत्तीला तोंड द्यावं लागलं. मला यात टी-३ ची आठवण येते, फरक इतकाच की या वेळी पाहुण्यांना लेसर घेऊन यावं लागलं नाही. प्रिन्स्टन आणि सॅन दिएगोच्या डायव्हर्टर असलेल्या यंत्रांवर पुढच्या काही वर्षांत तेच दिसलं. योगायोग क्रूर होता. प्रिन्स्टनचं नवं महाकाय यंत्र १९८२ च्याच डिसेंबरात सुरू झालं आणि त्याच्या आराखड्यात डायव्हर्टर नव्हता. ब्रिटनमध्ये १९८३ ला सुरू झालेल्या युरोपीय जेट यंत्रातही नव्हता, पण त्याचा आडवा छेद इंग्रजी डी अक्षरासारखा होता. त्यामुळे तिथं बलरेषा ओढून हवा तसा जलविभाजक तयार करता आला. नव्वदीच्या सुरुवातीला त्याचं पोट उघडून आत खराखुरा डायव्हर्टर बसवला.

अडथळा उभा कसा राहतो, याचं उत्तर जपानचे इतोह दांपत्य आणि अमेरिकेतले सिद्धांतज्ञ १९८८ ते १९९० च्या दरम्यान जुळवत गेले. कडेला विद्युतक्षेत्र तयार होतं. त्यामुळे शेजारशेजारचे पापुद्रे वेगवेगळ्या वेगानं सरकू लागतात. गळती मुख्यतः भोवऱ्यांमुळे होते, आणि भोवरा दोन वेगळ्या वेगाच्या थरांत सापडला की ताणला जाऊन फाटतो. म्हणजे ही हद्द चुंबकानं आखलेली असली तरी तिला धार देतो तो प्लाझ्माचा स्वतःचा प्रवाह. नेमक्या कुठल्या क्षणी तो उडी घेतो, यावर आजही वाद आहेत.

पण हद्द घट्ट झाली आणि नवे प्रश्न उभे राहिले. घट्ट हद्द मळही आत ठेवते. धातूचे सुटे कण साचत जातात आणि प्लाझ्मा आतून थंड पडतो. शिवाय खऱ्या संमीलनात हेलियम तयार होतो, ती या चुलीची राख. राख ओढून काढली नाही तर चूल गुदमरते. तिसरं म्हणजे, कडेचा उभा कडा सारखा ढासळतो. दाब मर्यादेपलीकडे गेला की फट पडते, क्षणार्धात उष्णतेचा लोट बाहेर पडून डायव्हर्टरवर आदळतो, आणि पुन्हा दाब साचू लागतो. लहान यंत्राला हे सोसतं, मोठ्या यंत्राची फरशी त्यात वितळेल.

२००४ मध्ये सॅन दिएगोला टॉड एव्हन्स आणि सहकाऱ्यांनी यावर जो तोडगा दाखवला, तो वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. पन्नास वर्षं ज्या बलरेषा नीटनेटक्या ठेवायला माणसं झिजली, त्या कडेला त्यांनी मुद्दाम विस्कटल्या. यंत्राच्या आत लहान गुंडाळ्या बसवून कडेच्या क्षेत्रात थोडा गोंधळ घातला. हद्द किंचित झिरपती झाली, दाब साचेना, लोट थांबले, आणि आतली उष्णता बऱ्याच अंशी टिकून राहिली. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ईटर यंत्रात अशा २७ गुंडाळ्या असणार आहेत.

ईटरमध्ये भारत २००५ च्या डिसेंबरात सामील झाला. सगळ्या यंत्राला कवेत घेणारं ३,८५० टनांचं पोलादी पात्र गुजरातेत हजिऱ्याला घडलं. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचा आदित्य तोकामाक १९८९ मध्ये सुरू झाला तो जुन्या पद्धतीचा, धातूच्या कड्याला घासणाऱ्या हद्दीचा. २०१६ मध्ये तो उलगडून डायव्हर्टरसाठी पुन्हा बांधला. आणि ॲस्डेक्स? त्याचं पात्र आणि चुंबक जर्मनांनी चीनला दिले. चेंगदू शहरात ते २००२ पासून नव्या नावानं चालू झाले.

भाभांची दोन दशकं १९७५ मध्ये संपली. ईटरच्या २०२४ मधल्या सुधारित वेळापत्रकानुसार तिथं संशोधन सुरू व्हायचं साल २०३४ आहे.